मासा किती मोठा होणार, हे पाणी ठरवतं

समुद्र तापतोय, मासे आकाराने लहान होत चाललेत, अमुक जातीची वीण यंदा नीट झालीच नाही, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. वाचणाऱ्याला साधा प्रश्न पडतो. पाणी एक-दोन अंशांनी तापलं म्हणून मासा लहान का राहावा? वय वाढलं की तोही वाढेलच ना?

वाढेलच असं नाही. माणसाचं मूल कुठेही वाढलं तरी साधारण ठरावीक वयात मोठं होतं आणि मग त्याची उंची थांबते. माशाचं तसं नसतं. एकाच मादीची, एकाच दिवशी अंड्यातून बाहेर आलेली दोन पिल्लं दोन वेगळ्या पाण्यांत वाढली, तर काही वर्षांनी एक तळहाताएवढं आणि दुसरं हातभर लांब असू शकतं. तळहाताएवढ्याची तोवर दोनदा वीण झालेली असेल आणि हातभर लांबीचं अजून वयातही आलेलं नसेल. मासा किती वाढेल, कधी वयात येईल, किती अंडी घालेल आणि त्यातली किती जगतील, या चारही प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी पाण्यात असतात.

एक मिळकत, तीन खर्च

घरात कमावणारं माणूस एकच असलं की आधी भाडं, वीज, किराणा भागवावा लागतो. त्यातून उरलं तर घराला एक खोली वाढवायची की मुलांच्या शिक्षणाला घालायचं, हा पुढचा प्रश्न. माशाचा हिशेब अगदी असाच आहे. खाल्लेल्या अन्नातली पहिली मोठी रक्कम नुसतं जिवंत राहण्यात जाते: श्वास घेणं, पोहणं, आजाराशी झुंजणं. हा निर्वाहाचा खर्च. उरलेल्यातून अंग वाढवायचं किंवा गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, भरायची. तोच पैसा दोनदा खर्चता येत नाही. म्हणून वयात आल्यावर बहुतेक माशांची वाढ मंदावते, पण पूर्ण थांबत नाही. बहुसंख्य मासे मरेपर्यंत थोडे थोडे वाढतच राहतात.

आता 'अधिवास' हा शब्द. मासा जिथे राहतो, खातो आणि वितो ती जागा, तिच्या सगळ्या गुणदोषांसकट: पाण्याचं तापमान, त्यात विरघळलेला ऑक्सिजन, खारेपणा, प्रवाह, तळाशी वाळू आहे की गाळ, अन्न किती, गर्दी किती, शत्रू किती. यातली प्रत्येक गोष्ट माशाची मिळकत तरी बदलते किंवा खर्च तरी. टिलापिया हा मासा मोठ्या तळ्यात चांगला थोराड होतो. तोच छोट्या, दाटीवाटीच्या डबक्यात ठेवला की बोटभर असतानाच वयात येतो आणि पिल्लं काढायला लागतो. मग पिल्लांनी गर्दी आणखी वाढते आणि सगळेच खुरटे राहतात. आजार नसतो, वाणही हलका नसतो. वाढायला जागा आणि अन्न पुरणार नाही, हे ओळखून शरीराने घेतलेला तो निर्णय असतो.

पाणी तापलं की खर्च वाढतो

आपण थंडीत गेलो तरी अंग सदतीस अंशांवर राहतं. ट्युनासारखे काही अपवाद सोडले तर माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा थंड असतं. ढोबळमानाने पाणी १० अंशांनी तापलं की निर्वाहाचा खर्च दुप्पट होतो. नेमकं त्याच वेळी पाण्यातला ऑक्सिजन घटतो. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर जेमतेम साडेसात. मुळात पाण्यात तो कमीच असतो. लिटरभर हवेत २१० मिलिलिटर ऑक्सिजन, तर लिटरभर पाण्यात १० मिलिलिटरपेक्षाही कमी. एवढ्यासाठी मासा दिवसरात्र कल्ल्यांतून पाणी ढकलत असतो. म्हणजे तापलेल्या पाण्यात गरज वाढते आणि पुरवठा आटतो.

"पण कोमट पाण्यात मासा लवकर वाढतो, असं मत्स्यपालक सांगतात." बरोबरच सांगतात. प्रत्येक जातीला एक सोयीचं तापमान असतं, तिथवर पाणी जितकं कोमट तितकी भूक आणि वाढ जास्त. ती मर्यादा ओलांडली की वाढीचा आलेख झपकन खाली येतो. शिवाय लवकर वाढणारं पिल्लू बऱ्याचदा लवकर वयात येतं, ऊर्जा गाभोळीकडे वळते आणि अंतिम आकार लहान राहतो. युरोपातल्या उत्तर समुद्रातल्या ८ व्यापारी जातींचा सुमारे चार दशकांचा हिशेब मांडला, तेव्हा पाणी १ ते २ अंश तापत गेलं त्या काळात ६ जातींचा कमाल आकार घटत गेलेला दिसला. यात ऑक्सिजनचा वाटा किती आणि लवकर वयात येण्याचा किती, यावर शास्त्रज्ञांत जोरदार वाद आहेत. आकार घटतो, हे निरीक्षण मात्र अनेक पाण्यांत झालेलं आहे.

थंडीचाही तडाखा बसतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. धरणाच्या तळातून येणारं पाणी बारमाही थंडगार. तिथला हम्पबॅक चब हा पाठीवर कुबड असलेला मासा उबदार, गढूळ नदीत घडलेला. इतक्या थंड पाण्यात त्याची अंडी आणि पिल्लं तगेनात. मुख्य नदीतली वीण जवळजवळ बंद पडली आणि ती लिटल कोलोरॅडो या उपनदीवर येऊन ठेपली. पुढे दुष्काळाने जलाशयाची पातळी खाली गेली, धरणातून वरच्या थराचं कोमट पाणी येऊ लागलं आणि चबला ते मानवलं. पण त्याच कोमट पाण्यातून स्मॉलमाउथ बास हा बाहेरचा शिकारी मासा धरणाखाली उतरला. २०२२ मध्ये तिथे त्याची पिल्लं सापडली. मग २०२४ मध्ये तापमान चबला सोसेल पण बासला विणू देणार नाही, अशा बेताने पाणी सोडण्याची कसरत करावी लागली. एका अंशाला किती किंमत असते, ते इथे कळतं.

कानातली वही

हे सगळं कळतं कसं? माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, चुन्याचे छोटे खडे असतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला त्यांचा उपयोग होतो. एखादा खडा काढून, पातळ चकती होईपर्यंत घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. भरभर वाढलेल्या ऋतूचा पट्टा रुंद, उपासमारीच्या ऋतूचा अरुंद. त्यावरून वय मोजतात. १९७१ मध्ये ज्योर्जो पॅनेला या शास्त्रज्ञाने दाखवलं की वर्षाच्या वलयांच्या आत रोजचीही बारीक वलयं असतात. म्हणजे पिल्लाचा जन्म नेमका कोणत्या दिवशी झाला आणि पहिल्या महिन्यात कोणते दिवस त्याला वाईट गेले, हे वाचता येतं. खड्यात साचलेल्या स्ट्रॉन्शियमवरून मासा खाऱ्या पाण्यातून गोड्यात कधी आला, याचाही अंदाज लागतो. मोहरीच्या दाण्याएवढ्या वस्तूत एका जिवाची रोजनिशी असावी, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गाभोळी भरली म्हणजे वीण झाली, असं नाही

अंडी तयार होणं ही एक पायरी, ती पाण्यात सोडणं ही दुसरी. दुसऱ्या पायरीसाठी मासा बाहेरच्या खुणेची वाट पाहतो. दिवस लांबू लागणं, पाणी ठरावीक अंशांवर येणं, नदीला पूर येणं. ही खूण पिल्लांच्या सोयीची असते. पुराचं पाणी काठावरच्या गवतात पसरलं की तिथे उथळ, कोमट आणि बारीक अन्नाने भरलेली पाळणाघरं तयार होतात. पहिल्या पावसात उलट्या प्रवाहाने वर जाणाऱ्या माशांना आपण चढणीचे मासे म्हणतो, त्यांची सगळी धडपड तिथवर पोचण्यासाठी असते.

रोहू, कटला, मृगळ यांच्यात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. तळ्यात त्यांची गाभोळी छान भरते, पण तळ्याच्या साचलेल्या पाण्यात मादी अंडी टाकत नाही. वाहत्या पुराची खूण मिळाली नाही तर शरीर ती अंडी हळूहळू विरघळवून परत जिरवून घेतं. १० जुलै १९५७ रोजी भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी दुसऱ्या माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात या कार्पवर्गी माशांची वीण घडवून आणली. पूर जी हाक देतो तीच त्यांनी सुईतून दिली. वाहत्या नदीतल्या माशाला अशी सुई मिळत नाही. धरणाने पूर अडवला किंवा अवेळी सोडला, तर त्या माशापुरती ती हाक येतच नाही.

अंडं पडतं त्या जागेची गोष्ट

सॅमन मादीचं घरटं जवळून पाहण्यासारखं असतं. ती नदीच्या खडीवर आडवी होते आणि शेपटी जोरात आपटते. उडालेली खडी प्रवाह पुढे नेतो, खाली खळगा पडतो. त्यात अंडी पडतात, नर त्यावर शुक्र सोडतो. मग मादी थोडी वरच्या अंगाला सरकते आणि पुन्हा शेपटी मारते. या नव्या खळग्यातली खडी वाहत येऊन आधीच्या अंड्यांवर पांघरूण घालते. ती अंडी पुढचे काही महिने दगडांखालीच असतात. गोट्यांच्या फटींतून थंड पाणी झिरपत राहतं, तोच त्यांचा श्वास. वरच्या उतारावर जंगल तुटलं आणि बारीक माती वाहून आली की फटी बुजतात. वरून नदी तीच, पाणीही वाहतंय, पण खडीखाली अंडी गुदमरतात. नदीची पाहणी करणारे लोक तळाची खडी चाळून त्यात गाळ किती ते मोजतात, ते याचसाठी.

बाल्टिक समुद्रातल्या कॉडची अडचण आणखी नाजूक. त्याची अंडी पाण्यात तरंगत वाढतात आणि तरंगण्यासाठी पाण्याचा खारेपणा हजारी ११, म्हणजे हजार भाग पाण्यात ११ भाग मीठ, तरी लागतो. महासागरात तो ३५ च्या आसपास असतो, बाल्टिकच्या वरच्या थरात जेमतेम ७. म्हणून अंडं खाली बुडत जातं, पुरेसं खारं पाणी लागेपर्यंत. पण तळाकडे कुजणाऱ्या पदार्थांनी ऑक्सिजन संपवलेला असतो. वर तरंगता येत नाही, खाली श्वास नाही, मध्ये जगण्याजोगा पातळ थर. उत्तर समुद्रातून खारं, ताजं पाणी वादळांबरोबर आत आलं की तो थर जाड होतो, काही वर्षं आलं नाही तर जवळजवळ नाहीसा. पूर्व बाल्टिकच्या कॉडची अवस्था इतकी खालावली की २०१९ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या थेट मासेमारीवर बंदी घातली.

"मासा लाखो अंडी घालतो, मग काळजी कसली?"

हा आक्षेप नेहमी येतो. लाखो अंडी घालण्याचं कारणच हे की जवळजवळ सगळी मरतात. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये मांडलं की अंड्यातला बलक संपल्यावरचे पहिले काही दिवस निर्णायक असतात. केसाएवढ्या पिल्लाला त्या दिवसांत तोंडासमोर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मिळाले तर ते तगतं. प्लवकांचा बहर आठवडा-दोन आठवडे आधी येऊन ओसरला तर अख्खी पिढी जाते. याच्या उलट, सगळं जुळून आलेलं एखादं साल पुढची कित्येक वर्षं पुरतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १९०४ साली जन्मलेली हेरिंगची पिढी इतकी जगली की नंतर अनेक वर्षं जाळ्यात येणाऱ्या हेरिंगांत तिचाच भरणा होता. अंडी किती पडली यापेक्षा ती कुठे आणि कोणत्या आठवड्यात पडली, हे मोलाचं ठरतं.

"पण हे रक्तातच असतं ना?"

थोडं रक्तात, थोडं पाण्यात. आणि पाणी हळूहळू रक्तही बदलतं. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांतला गप्पी मासा याचा उत्तम साक्षीदार आहे. धबधब्याखाली मोठा शिकारी मासा असतो, तो वयात आलेल्या गप्पीला गिळतो. तिथले गप्पी लवकर वयात येतात आणि पुष्कळ, पण बारीक पिल्लं देतात. धबधब्यावर तो शिकारी पोचत नाही. तिथले गप्पी सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात, कमी पण दणकट पिल्लं देतात. १९७६ मध्ये शास्त्रज्ञांनी खालचे गप्पी उचलून वरच्या, गप्पी नसलेल्या ओढ्यात सोडले. ११ वर्षांनी त्यांच्या वंशजांची पिल्लं प्रयोगशाळेत एकसारख्या पाण्यात वाढवली, तरी ती उशिरा वयात आली आणि त्यांनी मोठी पिल्लं दिली. केवळ खाण्यापिण्याचा फरक असता तर तो एकसारख्या पाण्यात पुसला गेला असता.

टोकाची उदाहरणं घ्या. मोझांबिकमध्ये पावसाच्या डबक्यात राहणारा टर्क्वॉइज किलिफिश दोन आठवड्यांत वयात येतो, कारण डबकं कधीही आटेल. त्याची अंडी कोरड्या चिखलात पुढच्या पावसापर्यंत निजून राहतात. आणि उत्तरेच्या बर्फाळ, खोल पाण्यातला ग्रीनलंड शार्क? वर्षाला सेंटिमीटरभरही वाढत नाही आणि २०१६ च्या अभ्यासानुसार मादी वयात येते ती सुमारे दीडशे वर्षांची झाल्यावर.

नर की मादी, हेही पाण्यावर

अटलांटिक सिल्व्हरसाइड या बोटभर माशात पिल्लू नर होणार की मादी, हे काही अंशी तापमान ठरवतं. हंगामाच्या सुरुवातीच्या थंड पाण्यात जास्त माद्या, पुढे पाणी तापलं की जास्त नर. यामागे हिशेब आहे. लवकर जन्मलेल्या पिल्लाला वाढायला अख्खा उन्हाळा मिळतो आणि मोठ्या अंगाचा फायदा मादीला अधिक होतो, कारण अंगाबरोबर अंड्यांची संख्या वाढते. पाण्याचा कल बिघडला तर हा तोलही ढळू शकतो.

रसायनांनीही तो ढळतो. कॅनडात एका प्रायोगिक तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन अत्यल्प प्रमाणात सोडलं गेलं, लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट. सांडपाण्यात सापडतं तेवढंच. फॅटहेड मिनो या माशाच्या नरांत अंड्याचं प्रथिन तयार होऊ लागलं, वीण कोलमडली आणि ती जात तळ्यातून जवळपास नाहीशी झाली. रसायन थांबवल्यावर काही वर्षांनी मासे सावरले.

जाळंही अधिवासाचाच भाग

माशाच्या दृष्टीने जाळं म्हणजे आणखी एक शिकारी, आणि तो मोठ्यांनाच वेचतो. "लहान सोडा, मोठे धरा" हा नियम वरवर शहाणपणाचा वाटतो. पण मोठी मादी ही नुसती आकाराने मोठी नसते. ३० किलोची एक कॉड मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते, आणि त्या २८ माद्यांचं एकत्र वजन ५६ किलो भरतं. अशा माद्या काढून घेतल्या की समुद्राचं बियाणंच गेलं. शिवाय मोठं होण्याआधी विणारेच वंश मागे ठेवतात. सिल्व्हरसाइडवरच्या प्रयोगात दर पिढीला मोठे मासे काढत गेल्यावर चौथ्या पिढीत जे मिळालं, त्याच्या जवळपास दुप्पट वजन लहान मासे काढलेल्या टाक्यांत मिळालं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड कोसळण्याआधीची काही वर्षं अधिकाधिक लहान वयात वयात येऊ लागला होता. २ जुलै १९९२ ला तिथली मासेमारी बंद झाली, ती बंदी औपचारिकरीत्या उठायला २०२४ उजाडलं. मला वाटतं, जाळ्यात काय येतंय इतकंच मोजणाऱ्यांनी ते कोणत्या वयाचं आहे हे आधी पाहायला हवं. संकटाची पहिली खूण तिथेच होती.

"मग पिल्लं हॅचरीत काढून सोडून द्यायची!"

काही ठिकाणी तोच शेवटचा उपाय असतो, तिथे तो करावाच. पण हॅचरीतली, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातली, टाकी हाही एक अधिवास आहे आणि तो आपल्या सोयीचे मासे निवडतो: गर्दी सोसणारे, वरून पडणाऱ्या खाद्यावर धावणारे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउटवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बंदिस्त पैदाशीच्या दर पिढीमागे नदीत यशस्वी वीण होण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. आणि ज्या पाण्यात अंडी गुदमरतात त्याच पाण्यात पिल्लं सोडली, तर ती मोठी होऊन घालतील ती अंडी कुठे टाकणार?

याच भागातल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ च्या शरदापर्यंत काढून टाकली गेली. त्याच ऑक्टोबरमध्ये पाहणी करणाऱ्यांना ओरेगनच्या हद्दीत, जुन्या धरणांच्या वर, एका उपनदीत चिनूक सॅमन दिसले. त्या भागात १९१२ नंतर समुद्रातून सॅमन वर आले नव्हते. त्यांना तिथे कोणी आणून सोडलं नव्हतं. शंभरहून अधिक वर्षं बंद असलेल्या वाटेने ते स्वतःच चढून आले होते.